तिसरा डबा खाली पडतोय

उभ्या कोल्हापुरात आमच्या साडूंइतका लोकांच्या घरी जाणारा माणूस दुसरा सापडायचा नाही, आणि लोकांच्या घरी जाऊन घरातल्या माणसांकडे इतकं कमी बघणारा तर त्रिभुवनात सापडायचा नाही. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे हे यजमान. येतात, दारात चपला काढतात, त्या एका रेषेत लावतात, शेजारी माझ्या वाकड्या पडल्या असतील तर त्याही सरळ करतात आणि पाण्याचा तांब्या पुढे यायच्या आत हात पुढे करतात. "पावणं, फोन बघू जरा." तब्येत कशी आहे, मुलांचं काय चाललंय, हे प्रश्न त्यांना सुचतच नाहीत असं नाही, पण ते फोन परत करताना सुचतात. तोवर चहा निवलेला असतो आणि उत्तर द्यायचा आमचा उत्साहही.

साडूंचा धंदा वेबसाइट बनवण्याचा. गुळाचे व्यापारी, मंगल कार्यालयं, चपलांची दुकानं, भांड्यांचा पिढीजात व्यापार असलेलं एक जैन कुटुंब, अशा सगळ्यांची पानं ते घरी बसून तयार करतात. ऐकायला सोपं वाटतं. पण इंटरनेट दाखवणारे ब्राउझर अनेक, आणि प्रत्येकाची अक्कल निराळी. कुठली गोष्ट कुठे बसवायची हे साडूंनी सीएसएस नावाच्या संगणकाच्या भाषेत अगदी खडसावून सांगितलेलं असतं. तीन चौकोन एका ओळीत मांड म्हटल्यावर एक ब्राउझर निमूटपणे मांडतो, दुसरा मधेच फट पाडतो, आणि तिसरा त्यातला शेवटचा चौकोन उचलून खालच्या ओळीत फेकतो. चौकोनाला साडू डबा म्हणतात. "तिसरा डबा खाली पडतोय" हे वाक्य त्यांनी ज्या आवाजात उच्चारलेलं मी ऐकलं आहे, त्या आवाजात लोक दवाखान्यातून फोन करतात.

त्यावर त्यांचं एक तत्त्वज्ञान आहे आणि ते जेवताना हटकून बाहेर येतं. ताटाकडे बोट दाखवून म्हणतात, "मीठ डावीकडं, लिंबू डावीकडं, भाजी उजवीकडं. ताट बावड्यात वाढा न्हायतर बिद्रीत वाढा, वाढणारी बाई बदलली म्हणून मीठ कधी उजवीकडं गेलंय? मग हे ब्राउझरच कोण लागून गेलं?" त्यांना वाढणाऱ्या माझ्या बायकोने एकदा मुद्दाम मीठ-लिंबू उजवीकडे आणि भाजी डावीकडे वाढली. साडू बोलले काहीच नाहीत. फक्त जेवण सुरू करायच्या आधी ताट अर्धं फिरवून घेतलं. मग भात पलीकडे गेला म्हणून अख्खं जेवण लांब हात करून जेवले.

सगळे फोन विकत घेऊन ठेवणं कुणालाच शक्य नाही. म्हणून साडूंनी पाहुणे-रावळ्यांचीच प्रयोगशाळा केली आहे. कुणाच्या घरी कुठला फोन, त्यात कुठला ब्राउझर आणि तो किती जुना, हे त्यांना तोंडपाठ. माणसांची नावं मात्र ते चुकतात. बिद्रीच्या चुलत मेव्हण्यांना ते बरीच वर्षं 'फुटक्या काचेचं पावणं' म्हणत. या मेव्हण्यांनी नवा फोन घ्यायचं मनात आणलं, तेव्हा साडू फटफटी काढून तडक बिद्रीला गेले. "असलं काय करू नगासा. ह्यो जुना ब्राउझर तुमच्याकडं एकट्याकडं ऱ्हायलाय." घरातलं एखादं वडीलधारं माणूस जपावं तसा तो फोन मेव्हण्यांना जपावा लागला. कागलला एका पुतणीचा साखरपुडा होता. नवरदेवाच्या हातात अगदी नवा, परदेशी बनावटीचा फोन. साडूंनी तो 'जरा बघतो' म्हणून घेतला आणि मांडवाच्या खांबाला टेकून उभे राहिले. अंगठ्या घालायची वेळ झाली, फोटो काढायला म्हणून नवरदेव फोन मागू लागला, भटजी घड्याळ बघू लागले. साडूंनी मान वर न करता हात दाखवला. "थांबा की, तिसरा डबा खाली पडतोय." मुलीची आत्या माझ्याकडे वळून म्हणाली, "पोरीची अंगठी ऱ्हायली बाजूला, आन् ह्यांचा डबा काय पडतोय?" मी साडूंना ओळखत नसल्यासारखा पत्रावळ्या मोजायला गेलो.

पण या प्रयोगशाळेतलं खरं रत्न होतं कसबा बावड्याला, आमच्या सासऱ्यांच्या, म्हणजे मामांच्या घरी. मामा साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. मामी गेल्या, मुलगा पुण्याला स्थायिक झाला, आणि जाताना आपला जुना कॉम्प्युटर मागे ठेवून गेला. त्यात एक पुरातन ब्राउझर होता. साडूंच्या मते जगातल्या सगळ्या ब्राउझरांतला तो सर्वांत हेकट. "ह्याच्यात सरळ दिसलं की कुठंबी सरळ दिसतंय," असं म्हणून ते दर रविवारी सकाळी बावड्याला जात. त्यासाठी मामा भल्या पहाटे आंघोळ उरकत, इस्त्रीचा सदरा घालत, कॉम्प्युटरवरची शिवलेली खोळ काढत आणि साडू यायच्या बऱ्याच आधी बटण दाबून ठेवत, कारण त्या यंत्राला जागं व्हायला वेळ लागे. दोघांत संभाषण म्हणाल तर असं :

"आलं का सरळ?"

"न्हाय ओ."

"चहा टाकू?"

"टाका की."

एवढ्यावर मामांचा आठवडा चाले. हे मी अतिशयोक्ती म्हणून सांगत नाही. सोमवारी फोन केला की ते रविवारचंच सांगत, आणि शुक्रवारी केला तर येणाऱ्या रविवारचं.

इथे आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. जावई जावई म्हणून आला, की पाट मांडावा लागतो, गोडधोड करावं लागतं, निघताना टोपी-टॉवेल द्यावा लागतो. एकट्या म्हाताऱ्याच्या घरी हे कोण करणार? शिवाय विनाकारण दर आठवड्याला सासुरवाडीला जाणाऱ्या जावयाकडे गल्ली कशी बघते तेही सगळ्यांना माहीत आहे. पण जावई कामाला आला, तर चहावर भागतं. मामांनी सगळ्या गल्लीला ठणकावून सांगितलं होतं, "आमचं पावणं कामाला येत्यात." त्या एका वाक्यामुळे दोघांची सोय झाली होती.

मग एके दिवशी साडू माझ्याकडे आले आणि त्यांनी फोन मागितला नाही. मी घाबरलोच. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "त्यो ब्राउझर मेला ओ." ज्यांनी तो काढला होता त्यांनीच तो बंद केला होता. एकही गिऱ्हाईक आता त्याचं नाव काढत नव्हतं. बाकीचे ब्राउझरही हळूहळू शहाण्यासारखे एका ओळीत वागू लागले होते. डबे कुठेच पडत नव्हते. एरवी ज्या बातमीने त्यांनी पेढे वाटले असते, ती सांगताना साडूंचा चेहरा उतरला होता. "मामास्नी कसं सांगायचं?"

"सांगूच नका. जात राहा, तपासल्यासारखं करा," मी म्हणालो.

"खोटं खोटं तपासायचं?" साडूंना धक्काच बसला. "त्ये न्हाय जमणार."

तेव्हा रविवारी ते मलाही सोबत घेऊन गेले. मामा नेहमीप्रमाणे तयार होते, यंत्र घरघरत होतं. साडूंनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. आडपडदा हा प्रकार त्यांना माहीतच नाही. "मामा, हे मशीन आता लागत न्हाय."

मामांनी खोळ उचलली, तिची घडी घातली, पुन्हा उलगडली. "मग? भंगारात घालू?" उत्तराची वाट न बघता त्यांनी साडूंच्या हातातल्या फोनकडे मान वळवली. "आज काय केलंय ते तरी दावा." साडूंनी गुळाच्या व्यापाऱ्याचं पान पुढे धरलं. मामांनी चष्मा वर केला, खाली केला, फोन उजेडात नेला. "ह्यात लिवलंय काय? मला तर पांढऱ्यावर करडं दिसतंय नुसतं."

"काय म्हणालासा?"

"दिसत न्हाय म्हणालो."

साडू खाली बसले. "कुठलं कुठलं दिसत न्हाय?" मामांनी अंगठा टेकवला तर एकदम दोन बटणं दाबली गेली आणि पाच किलो गुळाची मागणी नोंदली जायच्या बेतात आली. "हे बटण माणसाच्या बोटाला केलंय का मुंगीच्या?" मामा म्हणाले. साडू माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत साखरपुड्याच्या मांडवातली ती जुनी चमक होती. "सगळ्या मशीनवर सरळ दिसतंय ओ पावणं, आन् मामास्नी वाचायलाच येत न्हाय!" यात दया नव्हती, माया नव्हती. नवा दोष सापडल्याचा निव्वळ आनंद होता. मामांना दयेपेक्षा तोच बरा वाटला असणार.

त्यानंतर रविवार पूर्वीपेक्षा लांबले. मामा नाही नाही ती खोट काढत. अक्षर बारीक, रंग फिका, 'पुढे जा' म्हणजे कुठे जा. वजनकाट्यावर हयात गेलेला माणूस, कुणाला सोडतो? साडू पान बदलून आणत, मामा पुन्हा नापास करत. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, ऑपरेशन करून घ्या. मामा टाळू लागले. आज अमावास्या, उद्या पाणी यायचंय. शेवटी मी आणि साडू समोर बसलेले असताना त्यांच्या तोंडून निघून गेलं, "डोळं नीट झाल्यावर तुमच्या कामाला माझा उपेग काय?"

साडू दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात मामांचं नाव घालून आले.

ऑपरेशन छान झालं. डॉक्टरांनी काही दिवस फोनकडे बघायला बंदी केली. त्या रविवारी मी बावड्याला पोचलो तेव्हा मामा काळा चष्मा लावून ओसरीवर बसले होते. अंगात सदरा इस्त्रीचाच. थोड्या वेळाने साडू आले. हात रिकामे. रिकाम्या हातांचं काय करायचं हे त्यांना कळत नव्हतं, म्हणून ते त्यांनी खिशात घातले आणि परत काढले.

"आज तर काम न्हाय," मामा म्हणाले. "मग आलासा कसं?"

साडूंनी विचार केला. डबा का पडतोय हे शोधताना करतात तेवढा.

"आलो की," ते म्हणाले.

मामांनी मान हलवली. नंतर एकदम त्यांच्या लक्षात आलं आणि ते उठायला लागले. "मग जेवून जावा. भात टाकतो." साडूंनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं, चष्मा काढून डोळ्यांत औषधाचे थेंब घातले, चष्मा परत चढवला आणि सासुरवाडीच्या स्वयंपाकघरात शिरले. मामा "ऱ्हाऊ द्या, पावणं, ऱ्हाऊ द्या" म्हणत राहिले, पण उठले मात्र नाहीत. आतून तांदूळ धुतल्याचा आवाज येऊ लागला. हे बघायला बायकोला सोबत आणायला हवं होतं, असं मला फार वाटलं.