हुल्लडीतलं नाव

मुकुंदवाडीतला आमचा किराणावाला जुन्या पेपरात पुड्या बांधायचा. त्याची शाळा निजामाच्या काळातली, उर्दूची. मराठीतला एकच शब्द तो नजरेनं ओळखायचा, हुल्लड. पोलीस ॲक्शननंतर त्याच्या गावच्या बाजारात माणसं मारली गेली आणि त्याचा धाकटा भाऊ नाहीसा झाला. पेपरवाले असल्या प्रकाराला हुल्लडच लिहायचे. रद्दीत तो शब्द दिसला की कागद तो माझ्यासाठी बाजूला ठेवायचा.

"ताई, वाचा जरा. भाईचं नाव हाय का?"

मी चौथी शिकलेली. बोट ठेवून सावकाश वाचायची. नाव कधीच नसायचं.

"नाय ना? बरं झालं," म्हणून तो गूळ तोलायला लागायचा.

एकदा एका पिवळ्या कागदात त्याच्याच गावची हुल्लड निघाली. खाली मेलेल्यांची नावं होती. त्यातल्या एकाचं गाव बरोबर, बापाचं नाव बरोबर. पहिलं नाव मात्र भावाचं नव्हतं, त्याचं स्वतःचं होतं. मी दोनदा वाचलं आणि तसंच सांगितलं.

त्यानं कागद माझ्या हातातून घेतला. मग मी त्याला पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

"मंजी मेलो तो मी! भाई जिंदा हाय, ताई."

तराजू तसाच सोडून तो खाली उतरला आणि स्टेशनाकडं चालू लागला. मी उघड्या दुकानासमोर कितीतरी वेळ उभी होते.