डांगर खाऊन दिलेलं ओके

गेल्या शनिवारी एग्मोरला मी पोटभर जेवलो, आणि त्याची लाज अजून वाटतेय... सांगतो.

छोट्या वाचनालयांसाठी एक ओपन सोर्स वेब सॉफ्टवेअर आहे. आम्ही काही हौशी मंडळी अधूनमधून जमून त्याचं टेस्टिंग करतो. नियम एकच... आपला कोड आपण पास करायचा नाही. दुसऱ्याने तो स्वतःच्या लॅपटॉपवर चालवायचा, सगळीकडे क्लिक करून बघायचं आणि मगच ‘टेस्टेड’ लिहून खाली आपलं नाव टाकायचं.

या वेळी पद्माअक्का नवीन होत्या. तंजावरकडच्या मराठी, बँकेतून रिटायर झालेल्या, आता हौसेने कोडिंग शिकताहेत. सभासदाचं नाव टाकलं की त्याने नेलेली पुस्तकं दिसावीत, एवढाच बदल त्यांनी केला होता. आयुष्यातला पहिला.

“तंबी, तुम्ही मराठी कीं?” तंबी म्हणजे इकडच्या तमिळमध्ये धाकटा भाऊ. मी सांगलीचा म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा खुलला, की मीही विरघळलो. डब्यातून दहीभात निघाला, उडदाचं पीठ दह्यात कालवून केलेली डांगर पच्चडी निघाली... चव थेट आईच्या हातच्या डांगराची!

माझ्या लॅपटॉपवर सेटअप अडकून बसला होता. त्यांच्या स्क्रीनवर मात्र सगळं झकास चालत होतं. आपल्या माणसाला कशाला ताटकळत ठेवा, म्हणून बोटं चाटत मी ‘टेस्टेड’ लिहून मोकळा झालो. कोड चालवलाच नाही.

बुधवारी ग्रुपवर मेसेज आला. ज्या सभासदाचा फोन नंबर नोंदवलेला नाही, त्याचं नाव टाकलं की स्क्रीन कोरी पडत होती. तांबरमच्या एका वाचनालयात लोक पुस्तकं हातात घेऊन ताटकळले होते. शेवटी तो बदल मागे घ्यावा लागला.

आमच्या टेस्टिंगच्या यादीत पहिलाच सभासद बिनफोनचा आहे. एक क्लिक केला असता तरी कळलं असतं! तरी मी गप्प बसलो.

शुक्रवारी अक्कांनी ग्रुपवर लिहिलं, चूक त्यांचीच आहे. त्यांच्या मते मी तर नीट तपासलं होतं, नंतर त्यांच्या हातून काहीतरी बदललं गेलं असणार. यापुढे त्या कोड पाठवणार नाहीत, नुसत्या बघायला येत जातील.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिथेच लिहिलं की मी काहीही तपासलं नव्हतं, आणि दोष पहिल्यापासूनच होता. लगेच अक्कांचा फोन.

“म्हणजे नंतर मीं काही बदललं नाही?”

“नाही अक्का. चुकलं माझं.”

“अय्यो... शोधून शोधून डोळे दुखले.” मग म्हणाल्या, “आपलं माणूस नीट बघेल, म्हणून तर तुमच्याकडे दिलं होतं.”

आपलं माणूस म्हणून मी बघितलंच नव्हतं.

काल त्यांनी दुरुस्त केलेला कोड पाठवला, आणि तपासायला पुन्हा मलाच! या वेळी बिनफोनच्या सभासदापासूनच सुरुवात केली. आणखी एक चूक सापडली, ती सांगितली. त्यांचं उत्तर आलं, “थँक्यू सर.”

अक्का, दुसरी संधी दिलीत, खूप आभारी आहे. पण ते ‘सर’ फार लागलं. पुन्हा ‘तंबी’ म्हणाल, तोवर डब्याकडे बघणारसुद्धा नाही.