आळीने धरला ग्रुपचा उपास

समोरच्या समुद्राची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे, एक किस्सा सोडून. कुठला, ते शेवटी सांगेन. आधी सांगितलं तर तुम्ही उरलेल्यांवरही विश्वास ठेवणार नाही!

श्रीवर्धनात आमच्या आळीत किस्स्यांना तोटा नाही. पोफळीखाली सुपाऱ्या पडाव्यात तसे पडलेले असतात, वेचणारा हवा. पण हे सगळे एकाच आठवड्यात पडले, आणि त्या आठवड्यात आळीत एकाचाही जीव थाऱ्यावर नव्हता.

सुरुवात प्रमोदने केली. प्रमोदचा होमस्टे आहे आणि सीझन नसला की हाताशी वेळच वेळ. त्याने आळीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. बंदरात एक टग पेटलाय, माणसं पाण्यात उड्या टाकतायत. खाली लिहिलेलं, 'आत्ताची बातमी, गुजरात!'

आमच्या शेजारच्या भाऊंचा केदार गुजरातेतल्या एका बंदरात टगवर आहे. मोठी जहाजं ओढणारी बोट असते ना, त्या टगवर.

भाऊ पडवीत सुपारी सोलत होते. त्यांनी व्हिडिओ पाहिला आणि तिथेच सालपटांवर आडवे झाले.

व्हिडिओ जुना निघाला. गुजरातचा तर नव्हताच. प्रमोदने माफी मागितली, तीही ग्रुपवर, फुलांच्या गुच्छासकट!

डॉक्टर भाऊंना म्हणाले, "आठ दिवस ग्रुप बंद, व्हिडिओ बंद. फोन वाजला तर उचलायचा, बस्स." मग आमच्याकडे वळून, "तुम्हीपण काढून टाका सगळं. नाहीतर हे तुमच्या फोनात डोकावतील."

आम्ही तिथेच सगळ्यांनी ॲप उडवली. भाऊ तेवढे फोन छातीशी धरून बसले.

"द्या हो," मी म्हटलं.

"तुला नाही कळायचं," भाऊ हळूच म्हणाले. वाडी कोण बघणार यावरून बापलेकाचं बिनसलं, केदार निघून गेला, तेव्हापासून बोलणं नाही. वहिनी असत्या तर मधे पडल्या असत्या, त्याही नाहीत. "रोज सकाळी मी त्याचं लास्ट सीन बघतो. पहाटेचं असलं की समजतो, पोरगा ड्यूटीवरून आला, धड आहे. मग चहा घेतो. हे काढलं तर चहा कशावर घेऊ?"

"मग सरळ फोन करा की!"

"आणि दुसऱ्याच कुणी उचलला तर?"

मी नुसता हात पुढे केला. त्यांनी फोन दिला.

*

आमच्या गुरुजींचं दुखणं वेगळं. रिटायर झाल्यापासून रोज पहाटे सगळ्या आळीला गुलाबाच्या फुलासह 'सुप्रभात' पाठवल्याशिवाय त्यांचं पोट साफ होत नाही. ग्रुप बंद झाल्यावर त्यांनी काय करावं? धोतर नेसले, काठी घेतली आणि प्रत्यक्ष निघाले!

पहिलं दार काशीमावशीचं. उजाडायच्या आत दारात गुरुजी बघून मावशीने पदर तोंडाला लावला.

"गुरुजी, कोन गेला?"

"सुप्रभात!"

"ता कळला. गेला कोन?"

आता आळीत त्या आठवड्यात जाणार कोण, तर प्रत्येकाच्या डोक्यात एकच नाव. दहा मिनिटांत अख्खी आळी भाऊंच्या अंगणात! भाऊ तोंडात ब्रश घेऊन बाहेर आले.

"काय रे, मी गेलो का?"

भाऊंनीच सगळ्यांना चहा केला. त्यांचा कप मात्र पडवीच्या कठड्यावर तसाच निवत राहिला.

त्या दिवसापासून आम्ही दुपारी भाऊंच्या पडवीत पत्ते कुटायला लागलो. डाव हे निमित्त. बघायचं होतं की माणूस आहे.

*

प्रमोदची तऱ्हा ऐका. याला पाहुण्यांचे रिव्ह्यू तासातासाला बघायची सवय. ते बंद झाल्यावर बिचारा घाबराघुबरा होऊन पानासमोरच उभा राहायला लागला.

"काकू, किती स्टार?"

मुक्कामाला आलेल्या पुण्याच्या काकू म्हणाल्या, "आधी तुम्ही बसा बघू. घास उतरत नाहीये." मग म्हणाल्या, "खरं सांगू? तुमच्या आमटीत मीठ नसतं. दरवेळी पाच स्टार देतो, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

प्रमोदने वाटी ओढली, भुरका मारला.

"च्यायला, खरंच!"

इतकी वर्षं जेवताना डोळे फोनात. घरची आमटी त्याने कधी चाखलीच नव्हती!

*

आणि माझा अंगठा! तो आपला आपण वर-खाली व्हायचा. टेबलक्लॉथवर, पेपरवर, मांडीवर येऊन बसलेल्या मांजराच्या पाठीवर. शेवटी ही करवादली, "त्या मुक्या जिवाला तरी सोडा!" आणि हातात अडकित्ता दिला.

मी कातरत सुटलो. आधी खांडं झाली, मग चुरा, मग अक्षरशः पीठ! आळीत डबे भरभरून वाटलं. गुरुजी खूश, त्यांना दात नाहीत.

*

शेवटचा किस्सा आठवड्याच्या शेवटचा. दुपार. पडवीत डाव रंगात. पायरीशी आमच्या सगळ्यांच्या चपलांचा ढीग.

मला फाटक दिसत होतं. तिथे एक दाढी वाढलेला माणूस येऊन थांबला, खांद्यावर बॅग. रात्रभर प्रवास, मग आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघी, तिथून कुणाच्या तरी टेम्पोतून आला होता. हे सगळं नंतर कळलं. त्याची नजर चपलांवर खिळली. पाऊल काही पुढे पडेना. बॅग खांद्यावरून घसरली.

तेवढ्यात पडवीच्या कठड्याआडून भाऊ कडाडले, "अरे गाढवा प्रमोद, हुकूम हातात ठेवून काय लोणचं घालणार आहेस?"

केदार फाटकाला धरून मटकन खालीच बसला.

भाऊ उठले. पत्ते सांडले. अंगणात त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"तुमचं लास्ट सीन हललंच नाही," केदार म्हणाला. "रविवारपासून."

"मग फोन करायला काय झालं होतं?"

"आणि दुसऱ्याच कुणी उचलला असता तर?"

*

खोटा कुठला, ते सांगायचं कबूल केलंय. अंगठ्याचा. मांजर खरं, हिने दिलेला अडकित्ता खरा, सुपारीचं पीठही खरं.

अंगठा तेवढा माझा नव्हता. भाऊंचा होता.