काडी दाखवण्याचा कार्यक्रम

काडी कानात घालता येते, चुलीत घालता येते आणि शेजाऱ्याच्या संसारातही घालता येते. सायखेड्याच्या गोरक्षने ती सूक्ष्मदर्शकाखाली घातली आणि त्यावर बरीच वर्षं पोट भरलं.

नव्वदच्या दशकात सगळ्या पट्ट्यात द्राक्षबागा झाल्या होत्या. ऑक्टोबरच्या छाटणीआधी शेतकरी वेलीच्या काड्या तोडून त्याच्याकडे आणत. तो काडीवरचा डोळा, म्हणजे अजून न फुटलेला कोंब, ब्लेडने चिरायचा, भिंगातून बघायचा आणि सांगायचा, आत घड आहे की नुसती बाळी. बाळी म्हणजे तारेला धरायला वेल जी वळवळती शेपटी काढते, ती. तिला बाजार नाही.

पुढचं पीक आधीच दिसतं म्हटल्यावर मुलींचे आईबाप शहाणे झाले. पत्रिका बघणं चालूच राहिलं, पण त्याआधी मुलाच्या बागेतली काडी गुपचूप तोडून गोरक्षकडे यायला लागली. घड निघाला की साखरपुडा. बाळी निघाली की मुलीला अजून शिकायचं असे. त्या काळात आमच्याकडे मुलींचं शिक्षण बरंच वाढलं. त्याचं श्रेय गोरक्षला कोणी दिलं नाही.

त्याचं स्वतःचं लग्न मात्र राहिलं होतं. शेवटी लंकाबाईच्या योगिनीचं स्थळ जुळत आलं. बघायला गेला तेव्हा पोहे देताना तिने विचारलं होतं, त्या भिंगातून मला बघू द्याल का. नंतर आठवडाभर गोरक्ष भिंगच पुसत होता.

आणि सप्टेंबरात लंकाबाई काडी घेऊन आली. कोणाची, ते सांगायची रीत नव्हती. पण काडीला निळ्या चौकड्याच्या शर्टाची चिंधी होती, आणि तो शर्ट गोरक्षने स्वतःच्या बागेत वेल बांधायला स्वतःच फाडला होता.

त्याने एक डोळा चिरला. बाळी. दुसरा चिरला, तिसरा चिरला. बाळीच.

"घड नाय, मावशी."

"नीट बघ. थोडाफार तरी?"

"नाय."

लंकाबाईने काडी पिशवीत टाकली. "तुझ्याच बागेतली हाय. ओळखली का नाय?"

"ओळखली."

गोरक्षला वाटलं, खरेपणाची परीक्षा होती आणि आपण पास झालो. तो जरा सरसावून बसला.

"सोताच्या बागेसाठी ज्याच्या तोंडून एक थाप निघत नाय," लंकाबाई उठत म्हणाली, "तो उद्या भाऊबंदात माझ्या पोरीची बाजू काय घेणार?"

स्थळ मोडलं. योगिनीला ओझरला कारखान्यातला नवरा मिळाला. तिथे तोडून आणण्यासारखं काही नव्हतं.

बातमी पसरली, तशी गोरक्षच्या दारात काड्यांची गर्दी दुप्पट झाली. इतका खरा माणूस पट्ट्यात दुसरा नव्हता. जावई म्हणून मात्र तो कोणालाच नको होता. दोन हंगाम वाट पाहून त्याने बाग उपटली आणि कांदा लावला. कांद्याचं आधी कोणालाच काही सांगता येत नाही, त्यामुळे लगेच दोन स्थळं आली.