मोटारीची खूण

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकींना तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — कोण जाणे.

माझी थोरली बहीण, आक्का, जन्मापासून बहिरी, म्हणून मुकीही. निमगाव केतकीत आमची भाजीची बागाईत. घरात तिच्या हातांच्या खुणा धड कळत त्या मलाच, बाकीचे अंदाजानं वेळ मारून नेत. मला त्याचा केवढा तोरा होता.

ती अठराची झाली तेव्हा आमच्या अंगणात तिघं एकत्र आली — गावच्या शाळेचे मास्तर, इंदापूरच्या विकास कचेरीतल्या बाई आणि पुण्याच्या बहिऱ्या-मुक्यांच्या शाळेतले एक गृहस्थ. तिघांनी मिळून ठरवलं होतं. पुण्याची शाळा तिला शिवण शिकवणार, कचेरी मशीन देणार, मास्तर शाळेतल्या पोरांचे कपडे तिच्याकडून शिवून घेणार. आमचे वडील, आबा, तयार होते. बाई म्हणाल्या, आधी तिला विचारा.

विचारायचं कुणी? मीच.

आक्का हसली. दोन्ही हातांनी मोटारीचं चाक फिरवलं, मग छातीवर थाप मारली. मोटारीनं मी जाणार. याहून सोपी खूण असते का?

आणि मी — माझं शेळगावला जमलं होतं. आक्का पुण्याला गेली तर आजारी आईपाशी कोण, म्हणून आबा माझं लग्न लांबवणार, हे माझ्या कानावर आलं होतं. मी बाईंना म्हणाले, "मोटारीचं भ्या वाटतंय म्हणती. छातीत धडधडतंय. जायाचं न्हाय तिला."

"मग बळजबरी नको," असं म्हणून बाईंनी कागद मिटला. आक्का माझ्याकडं बघत राहिली. तिला मी हातांनी सांगितलं — त्यांना तू नको आहेस. एका खोट्यावर भागलं नाही माझं.

तिनं बाईंचा उतरलेला चेहरा बघितला, मग माझा. माझं खोटं तिला कळलं. कसं नाही कळणार? आयुष्यभर माणसांची तोंडं वाचत आली होती ती.

माझं लग्न ठरल्या दिवशी झालं. मांडवात मावशी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आक्का सकाळपासनं जेवली न्हाय. काय झालंय, इचार की गं तिला."

मी हात उचलले. आक्कानं ते दोन्ही धरले आणि माझ्या मांडीवर ठेवून दिले. मग मावशीकडं तोंड करून ती स्वतःच भराभर खुणा करू लागली. मावशीला त्यातलं काही कळत नव्हतं. मला सगळं कळत होतं, आणि मी गप्प बसले.