दोनशे चौदा वेळा 'वाईट नाही'

हेल्वी कोर्तेसोयाने तिसऱ्या नंबरची बस एकोणतीस वर्षं चालवली. स्टेशन, बाजार, दवाखाना, कागद गिरणीचं फाटक आणि परत. एवढ्या वर्षांत ती प्रवाशांशी जे काही बोलली ते सगळं एका पोस्टकार्डावर मावलं असतं, आणि वर तिकीट चिकटवायला जागा उरली असती. तरीही लाउत्तासू शहरात तिच्याइतकी लोकप्रिय ड्रायव्हर दुसरी नव्हती. खरं तर त्यामुळेच ती लोकप्रिय होती.

लाउत्तासूची माणसं घुमी आहेत असं बाहेरचे लोक म्हणतात. तसं काही नाही. हिवाळ्यासाठी सरपण जपून वापरावं तसे ती शब्द जपून वापरतात, एवढंच. कौतुकाचे तर विशेषच. एखादी गोष्ट बरी असली तर इथला माणूस काहीच बोलत नाही. चांगली असली तर मान हलवतो. आणि पाहून जीव हरखून गेला, डोळे भरून आले, तर नाक शिंकरून म्हणतो, "वाईट नाही." याच्या वर शब्द नाही. हेल्वीच्या लग्नात नवऱ्याने, काउकोने, तिला पांढऱ्या पोशाखात पाहिलं आणि सगळ्यांदेखत "वाईट नाही" म्हणाला. त्याच्या मित्राने त्याला बाजूला घेऊन विचारलं, "सकाळपासून घेतोयस का रे?"

लग्नात हेल्वीला सासूचा माग मिळाला. फरच्या झाडाच्या लाकडाचा, माणूसभर उंच आणि एखाद्या लहान होडीएवढा ऐसपैस. या मागावर फाटक्या चादरींच्या आणि जुन्या शर्टांच्या पट्ट्या काढून सतरंज्या विणायच्या. इथे प्रत्येक स्वयंपाकघरात अशी एक तरी सतरंजी असतेच. हेल्वी बस चालवून आली की तास-दीड तास मागावर बसायची. काउको गेला त्या हिवाळ्यात तिने त्याचे सगळे शर्ट फाडले, विणले, आणि सतरंजी पुरी झाल्यावरच ती पुन्हा नीट जेवायला लागली. त्या दिवसांत तिला कोणी काही विचारलं नाही. तळघरातून मागाचा ठक-ठक आवाज येत होता, तेवढ्यावर इमारतीतल्या लोकांना कळत होतं की बाई आहे.

हो, माग तळघरात होता. दीड खोलीच्या घरात माग ठेवला असता तर हेल्वीला जिन्यात झोपावं लागलं असतं. आणि मार्चमध्ये तळघराच्या दारावर सोसायटीची नोटीस लागली: विजेच्या सायकलींसाठी जागा करायची आहे, मे अखेरपर्यंत सामान हलवावे, राहिलेले सामान भंगारात जाईल.

ही नोटीस हेल्वीने वाचली आणि वर जाऊन कॉफी टाकली. रोजच्यासारखा दुसऱ्या मजल्यावरचा ओर्वो आला. हा गिरणीतला जुना फिटर. गिरणी बंद झाल्यापासून त्याच्याकडे वेळ आणि मतं दोन्ही भरपूर.

"मागाचं काय करणार?" ओर्वोने विचारलं.

"बघते."

"वस्तुसंग्रहालय?"

"त्यांच्याकडे अकरा आहेत. बारावा नको म्हणाले."

"तुझी मुलगी?"

"तिच्या घरात सोफा आहे."

ओर्वोने दालचिनीचा पाव कॉफीत बुडवला. "लाकूड चांगलं वाळलेलं आहे. वाफेच्या न्हाणीत, सौनाच्या चुलीत, दोन शनिवार जाईल."

"तुझं डोकंही वाळलेलंच आहे. आधी ते घालू."

"एक शनिवारही पुरणार नाही," ओर्वो म्हणाला आणि दुसरा पाव घेतला.

त्याच आठवड्यात नगरपालिकेने पत्रकं वाटली. 'शहर तुमचं, कल्पना तुमची! लाउत्तासूमधलं जगणं आणि कामाच्या संधी वाढवण्यासाठी तुम्ही काय सुचवाल?' मागे अर्ज होता. गिरणी गेल्यापासून असं काहीतरी दरवर्षी निघायचं. हेल्वी अशी पत्रकं मासे साफ करताना खाली अंथरायची. या वेळी मात्र तिचा हात थांबला. बाजारामागचं जुनं अग्निशमन केंद्र चार वर्षं रिकामं पडलं होतं. जिथे तीन बंब राहत होते, तिथे एक माग राहायला काय हरकत होती?

आणि एकच का? गावात प्रत्येक तिसऱ्या कोठारात कुणाच्या तरी आजीचा माग धूळ खात होता. गिरणीतून सुटलेल्या बायका घरी बसून होत्या. उन्हाळ्यात येणारे पाहुणे परदेशी कारखान्यात विणलेल्या सतरंज्या इथली आठवण म्हणून घेऊन जात होते. हेल्वीला हे सगळं बस चालवताना दिसायचं. ड्रायव्हरला आरशात मागचंही दिसतं.

अर्ज भरायला तिला तीन दिवस लागले. नाव, पत्ता झटकन झालं. तिसऱ्या प्रश्नाशी ती अडली: 'तुमची कल्पना इतरांपेक्षा सरस का आहे?'

"हे असं कोण लिहितं स्वतःबद्दल?" तिने ओर्वोला विचारलं.

"चोर."

शेवटी तिने लिहिलं: 'अग्निशमन केंद्राची इमारत रिकामी आहे. तिथे माग मावतील. विणता येणारे शिकवतील. पैसे लागणार नाहीत, किल्ली लागेल.' दुसऱ्यांदा वाचताना तिला ते फार लांबलचक वाटलं, पण शाईने लिहिलं होतं.

एप्रिलच्या शेवटी शाळेच्या जिममध्ये आलेल्या बाराच्या बारा कल्पना मांडल्या. हा सगळा घाट नगरपालिकेतल्या येन्ना रिंताला नावाच्या तरुण अधिकारी मुलीने घातला होता. राजधानीत वाढलेली, हुशार, कष्टाळू; तोंडावर सतत हसू, त्यामुळे पहिल्या वर्षी लोकांना वाटलं तिला दातांचा काही त्रास आहे. प्रत्येक कल्पनेपुढे तिने मतपत्रिका ठेवल्या होत्या; मत फोनवरूनही देता येत होतं. हव्या त्या कल्पनेवर खूण करायची, पाचांपैकी एक: अप्रतिम, फार चांगली, चांगली, वाईट नाही, नको.

हेल्वीने टेबलावर एक सतरंजी अंथरली आणि तिच्यापासून शक्य तितकी लांब, व्यायामाच्या शिडीजवळ, जाऊन उभी राहिली, जणू तिचा त्या टेबलाशी काही संबंध नाही. लोक आले. सतरंजीवरून हात फिरवला. एका म्हातारीने ती उलटी करून गाठी पाहिल्या, पुन्हा सुलटी केली, आणि चष्मा पुसला. गिरणीतल्या बायका तर टेबलापाशी पाव तास उभ्या होत्या आणि चक्क एकमेकींशी बोलत होत्या. मग एकेकाने पेन उचललं आणि इमानदारीने खूण केली. कुठे, ते वेगळं सांगायला नको.

शेजारच्या टेबलावर यार्मो होता, किनाऱ्यावरच्या हॉटेलचा मालक. अकरा वर्षं राजधानीत मोबाइल विकून परत आलेला. त्याची कल्पना अशी: समुद्रकाठी शहराच्या नावाची माणसाहून उंच अक्षरं उभी करायची, रात्री ती उजळतील, लोक पुढे उभे राहून फोटो काढतील. तो प्रत्येकाचा हात धरून म्हणत होता, "अप्रतिम आहे ना? सांगा, अप्रतिम आहे ना?" लोक हात सोडवून घेत म्हणत, "मजेशीर आहे." इथे नापसंतीचा याहून कडक शब्द चर्चमध्ये चालत नाही. पण यार्मोच्या हॉकी संघातल्या एकसष्ट पोरांनी फोनवरून एकसष्ट वेळा 'अप्रतिम' दाबलं.

निकाल बारा मे रोजी लागला. अक्षरं पहिली. माग अकरावा. बाराव्या नंबरवर चर्चपुढे गाडी लावण्याची फी वाढवा अशी एक सूचना होती, आणि ती ज्याने केली तो अजून स्वतःचं नाव सांगत नाही.

हेल्वीने निकाल वाचला. "ठीक आहे," म्हणाली आणि तळघरात जाऊन मागाच्या खुंट्या सैल करायला लागली. कोणाला नको असेल तर ओढून ताणून काय करायचं, असं तिच्या मनाने घेतलं. तिला वाईट वाटलं ते एवढंच की त्या म्हातारीने गाठी पाहिल्यावर तिला वाटलं होतं, आपलं काम लोकांना कळलं.

ओर्वो दारात उभा राहिला. "सोडून देणार?"

"लोकांनी मत दिलंय."

"मी पण दिलंय. आपल्या जिन्यात सगळ्यांनी दिलंय. मग अकरावा नंबर कसा?"

"तू काय खूण केलीस?"

ओर्वो लाजला. त्याचे कान लाल झाले. "तुझ्यासमोर कशाला सांगू? सगळ्यात वरची केली. 'वाईट नाही'."

हेल्वीने हातातली खुंटी खाली ठेवली. "ओर्वो, मीही तीच केली. स्वतःच्याच कल्पनेवर. निर्लज्जासारखी."

वीस तारखेला हरकती ऐकण्याची सभा होती. जिम भरली. सगळे भिंतींना धरून बसले, मधल्या खुर्च्या रिकाम्या. येन्नाने निकाल वाचला आणि विचारलं, "कोणाला काही बोलायचंय?"

येन्नाने दहापर्यंत मोजलं असावं. ती फाइल मिटणार तेवढ्यात ओर्वो उठला. गिरणीच्या संपानंतर तो पहिल्यांदाच सभेत उठत होता.

"मागाला किती मतं पडली?"

येन्नाने कागद उलटला. "दोनशे चौदा. सगळ्यात जास्त. पण सगळीच्या सगळी 'वाईट नाही', म्हणजे प्रत्येकी एकच गुण. अप्रतिमला चार. सरासरी काढली तर..." ती हसली, थोडी ओशाळून. "मला वाटलं, लोकांना ती कल्पना जेमतेम चालण्यासारखी वाटली."

भिंतीकडेने एक हालचाल गेली. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. इथे हे फार क्वचित होतं.

"मग काय लिहायला हवं होतं?" ती गाठी तपासणारी म्हातारी म्हणाली.

"आवडली असेल तर... अप्रतिम?"

"बाई गं," म्हातारी म्हणाली, "अप्रतिम म्हणतं ते कोण? ज्याला काहीतरी विकायचं असतं तो."

सगळ्यांनी यार्मोकडे पाहिलं. यार्मोने छताकडे पाहिलं.

येन्नाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. खरं तर तेव्हाच ती पहिल्यांदा लोकांना आवडली. "म्हणजे दोनशे चौदा लोकांना..." ती पुटपुटली आणि खुर्चीत बसली. मग सरळ झाली. "ऐका. अक्षरांचा निकाल मला बदलता येत नाही, त्यांचा निधी मंजूर झालाय. पण मागाला निधी नकोच आहे, जागा हवी आहे. रिकामी इमारत वर्षभर वापरायला द्यायचा अधिकार माझ्या कचेरीला आहे. फक्त अर्जदाराने सभेत सांगायला हवं की कल्पना चांगली आहे आणि ती स्वतः जबाबदारी घेते. ते नोंदवावं लागतं. हेल्वी कोर्तेसोया आहेत का?"

हेल्वी शिडीजवळ होती. ती उठली. तिने एकोणतीस वर्षं बर्फात बस चालवली होती. एकदा गिरणीच्या उतारावर ब्रेक गेले तेव्हा बावीस प्रवाशांसह गाडी बर्फाच्या ढिगात अलगद टेकवली होती आणि मग लोकांना फक्त "उतरा" म्हणाली होती. तेव्हा स्टिअरिंगही तिने आताच्या शिडीइतकं घट्ट धरलं नव्हतं.

"जबाबदारी घेते," ती म्हणाली.

"आणि कल्पना?" येन्नाने पेन उचललं. "चांगली आहे का?"

 ओर्वो मांडीवर मूठ आपटत होता, बिनआवाजी. हेल्वीला तळघर दिसत होतं, अर्ध्या सुटलेल्या खुंट्या, आणि वर रचलेली सायकलींची खोकी.

"चांगली आहे," ती म्हणाली. मग, एकदा घसरलंच आहे तर: "मी विचार केलाय तिच्यावर. फार चांगली आहे."

कुणाचा तरी हातमोजा खाली पडला. एवढी बढाई त्या जिममध्ये आजवर कोणी मारली नव्हती, पाहुण्या संघांनीसुद्धा नाही. हेल्वी गळ्यापर्यंत लाल होऊन खाली बसली. येन्नाने लिहून घेतलं, आणि विचारलं नसतानाही भिंतीकडेने हात वर व्हायला लागले. शेवटी यार्मोचाही झाला. हॉटेलच्या जिन्यात घालायला त्याला चार सतरंज्या हव्याच होत्या.

मेच्या शेवटच्या शनिवारी तळघरापाशी कोणी बोलावलं नसताना सतरा माणसं आणि पाच ट्रेलर आले. "नमस्कार" झाला, माग सुटा झाला, बाजारामागे जाऊन पुन्हा जोडला गेला. संध्याकाळपर्यंत आणखी सहा माग आले. त्यातल्या एकात चिमणीचं घरटं होतं, ते तसंच ठेवून तो माग खिडकीशी लावला. येन्नाने दारावर पाळ्यांचा तक्ता लावला, आणि गिरणीतल्या बायकांनी रांग लावून त्यात नावं भरली. रांग लावायला मात्र इथे कोणाला सांगावं लागत नाही.

हेल्वी सगळ्यांना कॉफी देऊन झाल्यावर तक्त्यापाशी आली. तिच्या स्वतःच्या मागाचा जूनभर एकही रकाना मोकळा नव्हता, एक सोडून: गुरुवार, सकाळी सहा.

"काय गं ही लबाडी," ओर्वो म्हणाला. "माग तुझा, पाळी लोकांची. सांग त्यांना."

"गप रे. पेन दे," हेल्वी म्हणाली, आणि गुरुवारच्या रकान्यात आपलं नाव लिहिलं.