पेन पॉइंटले जाऊन राह्यले असाल तर आधी हे वाचा

अहेरीहून एसटी सुटली तेव्हा मी एकदम खुशीत होती. आदल्या दिवशीच सिंदेवाहीहून शबानाकडे मुक्कामाले आली होती. शबाना माझी कॉलेजची मैत्रीण, तिच्या अब्बूचं अहेरीत चपलांचं दुकान आहे. प्राणहितेच्या काठचं ते गाव पाहायचंच, असं आमचं ठरलं होतं. आमच्याकडे समुद्र नाई, मंग आमचा बीच तोच! मोबाइलवर जो तो तिथले व्हिडिओ टाकून राह्यला. रेतीचा किनारा, डोंग्यातली (लाकडी नाव) सैर आणि सगळ्यात फेमस म्हणजे 'पेन पॉइंट'. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाई, आधीच तिथी गर्दी कमी नाई.

रेती खरंच भारी आहे. मऊ, आणि पाणी इतकं नितळ का आपल्या पायाची बोटं दिसतात. पलीकडे तेलंगणा. डोंगेवाला पलीकडच्या माणसाशी तेलुगूत भांडे आणि आमच्याकडे वळून मराठीत हसे. डोंगा हलला का शबाना मले घट्ट पकडे. तर तो म्हणे, तिले पकडून काय होते बाई, ती तुमच्या आधी बुडते.

जेवलो काठावरच्याच एका घरी. गरम भात, अंबाडीची भाजी आणि सुकलेल्या झिंग्यांची चटणी. नाकाडोळ्यातून पाणी आलं, तरी मी दुसऱ्यांदा मागून घेतली. इथपर्यंत सगळं मस्त होतं, खरंच सांगते.

मंग गावामागच्या झाडीत गेलो. वाटेवर हा मोठा बोर्ड, 'पेन पॉइंट', आणि खाली निळ्या बॉलपेनचं चित्र. टोपणासकट! आत ऐनाचं जुनं झाड, त्याच्या बुडाशी दगड मांडलेले, मोरपिसं खोचलेली आणि चहूकडे पेनच पेन. दगडाले पेन लावून तिथीच टाकला का परीक्षा पास होते, असं कोणीतरी व्हिडिओत सांगून ठेवलं आहे. एक फॅमिली बूट घालून दगडावर बसली होती. त्यातला एक जण तर मार्करनं दगडावर रोल नंबर लिहून राह्यला होता.

जरा बाहेर एक बाई उभी होती, राजूबाई तिचं नाव. लांब बांबूनं ते पेन एकेक करून बाहेर ओढत होती. मले वाटलं, साफसफाईचं काम असेल. म्हणून विचारलं, "बाई, आत जाऊन काऊन नाई उचलत?"

"आमच्या बाया आत नाई जात. देव हाय तिथी."

"कोणता देव?"

"पेन."

मले काईच समजलं नाई. तिनं बांबू टेकवला आणि म्हणाली, "गोंडीत पेन म्हणजे देव, पोरी. हे आमचं पेनठाणा (देवाची जागा). तुमच्या खिशातला पेन नाई तो."

माझं तर डोकंच फिरलं. म्हणजे कोणीतरी पर्यटनाच्या ऑफिसात बसून 'पेन' ऐकलं आणि बॉलपेन काढून मोकळा झाला! ज्यायचा देव आहे त्यायले एकदा विचारावं, एवढं बी सुचलं नाई?

आणि हे तर काईच नाई. ऐनाच्या खोडावर चुन्याचा पट्टा मारलेला होता. फोटोसाठी तिथी सिमेंटचा उंच पेन उभा करणार, म्हणून झाड तोडणार. राजूबाई सांगे, झाड गेलं तर देव इथी राहत नाई, आणि देव उठला तर आमची पूजा कुठी करायची? तिच्या घरचे माणसं ऑफिसात जाऊन जाऊन थकले होते.

तेवढ्यात ठेकेदाराचा माणूस मोजायचा टेप घेऊन आला. शबाना त्याच्यावर अशी तुटून पडली का त्यानं गुपचूप ऑफिसातल्या साहेबाले फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मी एका दमात सगळं सांगितलं, शब्द गोंडी आहे, अर्थ देव आहे, नावच चुकलं आहे. साहेबानं शांतपणे ऐकलं.

"नाव चुकलं, एवढंच ना मॅडम? करतो दुरुस्त."

मी खुश होऊन राजूबाईकडे पाहिलं. ती हसत नव्हती.

"नावाचं नाई," ती म्हणाली, "झाडाचं विचार."

फोन कटला होता.

येताना एसटीत आमचं दोघींचं तेच चाललं होतं. आमच्या विहारात कोणी बूट घालून शिरला तर अख्खा मोहल्ला गोळा होईल. शबानाकडच्या मशिदीत बी तसंच. मंग यायच्याच देवाचा 'पॉइंट' काऊन होते? देवळाले कळस नाई, भिंत नाई, म्हणून?

काल शबानानं फोटो पाठवला. साहेबाले वाटलं, गाववाल्यायले इंग्रजी शब्दाचा राग आहे. म्हणून आता शुद्ध मराठीत नवीन बोर्ड लावला आहे, 'लेखणी स्थळ'. बॉलपेन पुसून शाईचा टाक काढला आहे. मी हसू का रडू, समजून नाई राह्यलं.

झाड अजून उभं आहे, पण ते साहेबामुळे नाई. गावच्या बाया आळीपाळीनं वाटेवर बसून राह्यल्या आहेत. पेनठाण्याच्या बाहेर, आत एक बी नाई.

तुम्ही जा ना, रेतीवर खेळा, चटणी खा, डोंगेवाल्याचे टोमणे ऐका. पण तो फोटो पाहिजेच असेल तर एक लक्षात ठेवा, आता तिथी जायले त्या बायायले ओलांडून जावं लागते.